आधी डोईवरचा हंडा उतरवा

जून महिना उजाडला की आमच्या किनारपट्टीच्या धर्मग्रामांतून जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या दिशेने गाड्या निघतात. गाड्यांत वह्या असतात, दप्तरे असतात, रेनकोट असतात, क्वचित एखादा डॉक्टर आणि औषधांची खोकी असतात. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते आणि त्यांच्या दातृत्वाची टिंगल करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. पण हीच मंडळी सायंकाळी परतताना गाडीत जे बोलतात, त्याचा मात्र समाचार घेणे आम्हांस भाग आहे. ‘कितीही द्या, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही,’ असे एक जण म्हणतो. ‘औषध दिले तरी मूल पुन्हा आजारी ते आजारीच. मुळात स्वच्छताच नाही,’ असे दुसरा म्हणतो. बाकीचे माना डोलावतात. हे बोलणे खोटे आहे. शिवाय ते सोयीचे आहे, आणि सोयीचे खोटे बोलणे फार लवकर रूढ होते.

ही मंडळी जातात तो महिनाच मुळी फसवा असतो. जूनच्या अखेरीस सारा डोंगरपट्टा हिरवागार झालेला असतो, ओहोळ खळाळत असतात, कड्यांवरून धबधबे कोसळत असतात. अशा वेळी पाण्याचा प्रश्न दिसावा तरी कसा? या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यात पडतो त्याच्या तिप्पट-चौपट. परंतु खाली अभेद्य काळा पाषाण आहे आणि वर तीव्र उतार. पडलेले पाणी जमिनीत मुरण्याआधीच नदीला मिळते. फेब्रुवारीत विहिरींचा तळ दिसू लागतो. मार्चनंतर पाड्यावरच्या बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरतात आणि त्यात पाझरणारे पाणी वाटीने हंड्यात भरतात. एक हंडा भरला की पुन्हा पाझरण्याची वाट पाहत बसायचे. ज्यांना या प्रदेशाची खरी ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी मे महिन्यात जावे.

आणि ते नदीला मिळालेले पाणी पुढे कोठे जाते, हेही विचारावे. मुंबई महानगर रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी वापरते. त्यातील जवळजवळ सर्व ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून येते. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ सालचे. त्याच तालुक्यात भातसा. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण २०१४ साली पूर्ण झाले. ज्या शहापुरातून मुंबईची तहान भागते, त्या शहापुरात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. हे वाचून वसई-विरारच्या वाचकाने मुंबईकरांकडे बोट दाखवू नये. सूर्या नदीवरील धामणी धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी उभारले गेले. आज त्या नदीवरील ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रादेशिक योजनेतून १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटरचा मीरा-भाईंदरसाठी राखलेला आहे. त्यातले पाणी २०२३ सालापासून वसईकडे येऊ लागले. सूर्येचे पाणी शेतीलाच राहावे म्हणून तिथल्या आदिवासींनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. तेव्हा आपण डोंगरातल्या लोकांना काही ‘देतो’ ही भाषा वापरण्याआधी आपण त्यांच्याकडून काय घेतो, याचाही जमाखर्च मांडलेला बरा. आपल्या नळाला पाणी येऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. शहरातल्या चाळींतही लेकरे आहेत, त्यांनाही तहान आहे. परंतु जलवाहिनी ज्या पाड्याच्या कुशीतून जाते, तो पाडा कोरडा ठेवून पाणी पन्नास-साठ मैल खाली आणण्यात अभियांत्रिकी कौशल्य असेल, न्याय खचित नाही.

आता त्या ‘शिक्षणाच्या आवडी’कडे वळू. थोडे अंकगणित करू. वह्या वाटणाऱ्यांना ते जड जाऊ नये. शासनाने ग्रामीण भागासाठी ठरवलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. सहा माणसांच्या कुटुंबाला झाले ३३० लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर बावीस हंडे. पाणवठा एक किलोमीटरवर असेल आणि बाई एका खेपेला डोईवर हंडा नि कमरेवर कळशी आणत असेल, तर तिला किती खेपा पडतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा. अर्थातच तेवढे पाणी कोणी आणत नाही, आणणे शक्यच नसते. घर पाच-सहा हंड्यांत भागवले जाते आणि तेवढ्यासाठीही सकाळचे दोन-तीन तास जातात.

हे तास कोणाचे? दिवाळी झाली की या पट्ट्यातील अनेक कुटुंबांतील धडधाकट माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि मुली. जिथे आई घरी आहे तिथे ती रोजंदारीला जाते. मग पाण्याची पाळी दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येते. शाळेची घंटा वाजते तेव्हा ती झिऱ्याकाठी नंबर लावून बसलेली असते. आठवड्यातून दोन दिवस खाडा झाला की गणित मागे पडते. गणित मागे पडले की वर्गात बसण्याची लाज वाटते. आणि लाज वाटू लागली की नाव पटावर राहते, मुलगी राहत नाही. मग आपण म्हणतो, आवड नाही. ज्या शाळेत शौचालय आहे पण त्यात पाणी नाही, त्या शाळेत वयात आलेली मुलगी महिन्यातले चार दिवस का येत नाही, हे तर आमच्यासारख्या धर्मगुरूनेही सांगण्याची गरज पडू नये.

हे केवळ आमचे तर्कट नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात १८० कोटी माणसांच्या घरी पाण्याची सोय नाही आणि अशा दर दहा घरांपैकी सात घरांत पाणी वाहण्याचे काम बायका-मुलींच्या वाट्याला येते. आफ्रिकेतील घाना देशात झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पाणी आणण्याचा वेळ निम्म्याने घटला की मुलींचे शाळेत जाण्याचे प्रमाण सरासरी दोन टक्क्यांहून अधिक वाढते, आणि खेड्यांत ते त्याहूनही ठळकपणे वाढते. दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की या वाढीसाठी एकही शिक्षक नेमावा लागला नाही, एकही वही वाटावी लागली नाही.

आरोग्याची कथा याहून करुण आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राला या तालुक्याचे नाव ठाऊक झाले. कुपोषण हा शब्द तेव्हापासून वर्तमानपत्रांत रुळला आणि कुपोषण म्हणजे अन्नाचा अभाव, असा सरळसोट अर्थ आपण लावला. अन्नाचा अभाव होताच; तो नाकारणे पाप ठरेल. शासनाने पुढे अंगणवाडीत आहार दिला, २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना रोज एक वेळचे चौरस जेवण देऊ केले. उत्तम झाले. पण जे मूल महिन्यातून दोनदा हगवणीने आडवे होते, त्याच्या पोटात घातलेले अन्न अंगी लागत नाही. दूषित पाण्यातले जंतू आतड्याचे अस्तरच खराब करतात. मग मूल दिसायला आजारी नसतानाही खाल्लेले पुरते शोषले जात नाही. फुटक्या रांजणात कितीही ओतले तरी तो भरत नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते.

दुसरा प्रकार कमी पाण्याच्या रोगांचा. पाच हंड्यांत घर चालवायचे तर आधी प्यायला, मग शिजवायला, मग गुरांना. काट मारली जाते ती हात धुण्यावर, लेकराला न्हाऊ घालण्यावर, कपड्यांवर. म्हणून खरूज, म्हणून डोळे येणे, म्हणून पुन्हा हगवण. ‘मुळात स्वच्छताच नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी एक आठवडा सहा माणसांचे घर पाच हंडे पाण्यात चालवून दाखवावे. त्यानंतर स्वच्छतेवर त्यांचे व्याख्यान आम्ही आनंदाने ठेवू.

शुद्ध पाणी काय करू शकते, याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आमच्या पिढीतील वाचकांना ‘नारू’ आठवत असेल. तरुणांना हा शब्द सांगून पाहिला, त्यांना काहीच बोध झाला नाही. आणि यासारखी आनंदाची गोष्ट नाही. नारू हा जंत. बारवेच्या, तळ्याच्या पाण्यातील अगदी सूक्ष्म जिवांबरोबर तो पोटात जाई आणि वर्षभराने पायाच्या कातडीतून बाहेर डोके काढी. पांढरा दोरा जणू, पण दोन-अडीच हात लांब. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर जखम चिघळायची. माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळायचा, आणि तेही बहुधा पेरणी-कापणीच्या दिवसांत. बाप अंथरुणावर असला की पोर शेतात, पोर अंथरुणावर असले तरी शाळा बंदच. पायाची आग शमवण्यासाठी रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, आणि त्याच क्षणी जंताची हजारो पिल्ले साऱ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जात.

या रोगावर लस नव्हती. औषध नव्हते. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही, असेही नव्हते. १९८३-८४ च्या सुमारास भारताने त्याच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते; आपला महाराष्ट्र त्या सातांत होता. मग काय केले? पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पोहऱ्याने पाणी काढण्याची सोय केली, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकून ते सूक्ष्म जीव मारले, घरोघर दुपदरी फडक्याने पाणी गाळायला शिकवले, गावोगाव रुग्ण शोधले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगभरात १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ साली अवघे १५ राहिले. देवीचा रोग लसीने गेला, याचे पाठ आपण मुलांना शिकवतो. नारू पाण्याच्या कठड्याने, फडक्याने आणि हातपंपाने गेला, हे मात्र कोणत्याही भाषणात ऐकू येत नाही. कदाचित कठड्याला उद्घाटनाची फीत शोभून दिसत नसावी.

यावर आक्षेप येतात. पहिला आक्षेप शहाण्यांचा: पाणी उकळून प्यावे, हात धुवावेत, एवढे केले तरी पुष्कळ. उकळायला सरपण लागते आणि सरपणाची मोळीही त्याच मुलीच्या डोक्यावर येते, हे एक. दुसरे असे की हा उपाय करून पाहिला गेला आहे. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे या तीन देशांत हजारो कुटुंबांना घरी पाण्यात टाकायला क्लोरीन दिले, हात धुण्याची सोय व शिकवण दिली, शौचालये सुधारली. २०१८-१९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. बांगलादेशात हगवण कमी झाली, बाकी दोन देशांत तीही नाही. आणि मुलांची उंची या उपायांनी कोठेच वाढली नाही. यावरून काही जणांनी पाण्याला महत्त्व नाही, असा उफराटा निष्कर्ष काढला. आम्ही त्यातून निराळा बोध घेतो. दरिद्री घराला घागरीतले घाण पाणी तसेच ठेवून वर शिकवण देणे हा अर्धा उपाय आहे, आणि अर्ध्या उपायाचे फळ अर्धेसुद्धा मिळत नाही. पाणी निर्जंतुक करण्याच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या मायकेल क्रेमर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की त्यामुळे पाच वर्षांखालील बालमृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. एवढे काम करणारे दुसरे स्वस्त औषध आमच्या पाहण्यात नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा, आणि तो वजनदार आहे: योजना होतात, पण टिकत नाहीत. खरे आहे. १९९० च्या दशकात टँकरमुक्त महाराष्ट्राची घोषणा झाली. टँकर आजही धावत आहेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा देशातील सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता; २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आणि उरलेल्या कामासाठी मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. एवढे मोठे काम नाकारण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. सर्वांच्या घरी सुरक्षित नळाचे पाणी पोहोचले तर देशात हगवणीने होणारे सुमारे चार लाख मृत्यू टळतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अंदाज आहे. पण नळ म्हणजे पाणी नव्हे. डोंगरावरच्या कित्येक पाड्यांत तोटी आहे, स्टँडपोस्ट आहे, त्यावर योजनेचे नाव निळ्या रंगात आहे, आणि मार्च महिन्यात त्या तोटीतून हवा येते. कारण ज्या विहिरीवर योजना बांधली ती विहीरच आटते. विहिरीला पाणी असले तर पंपाचे वीजबिल थकलेले असते. बिल भरले तर टाकीत टाकायची टीसीएल पावडर संपलेली असते, किंवा उघड्या पोत्यात राहून तिचा जोर गेलेला असतो. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे जलसुरक्षकाखेरीज कोणी पाहत नाही, आणि त्याचे मानधन किती, हे विचारू नये.

तेव्हा टिकत नाहीत त्या योजना नव्हेत. टिकत नाही ती आपली आस्था. बोअरवेल मारली, दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावली, फोटो निघाला, विषय संपला. पाटी टिकते. हातपंपाचा वॉशर दोन वर्षांत झिजतो. जिथे पाणी लागले तिथेही ते तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या, हगवणीपासून लेकरे वाचावीत या सद्‌हेतूने. १९९० च्या दशकात उघड झाले की त्यांतील असंख्य नळ्यांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे. सद्‌हेतूला तपासणीची जोड नसली तर काय होते, याचे याहून भीषण उदाहरण नाही.

येथे धर्मगुरू म्हणून एक गोष्ट बोलणे आमचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी आलेल्या शमरोनी स्त्रीवर आमचे बंधू दर वर्षी प्रायश्चित्तकाळात सुंदर प्रवचने करतात. प्रभूने जिवंत पाण्याची गोष्ट काढताच ती स्त्री त्याच्याजवळ ते पाणी मागते, कशासाठी? तर पुन्हा तहान लागू नये आणि एवढ्या दूर पाणी ओढायला येण्याचे कष्ट वाचावेत म्हणून. तिला आध्यात्मिक अर्थ कळला नाही, असे आम्ही प्रवचनपीठावरून हसतहसत सांगतो. पण ती जे बोलली ते हंडा वाहणाऱ्या प्रत्येक बाईचे मागणे आहे, आणि प्रभूने त्याबद्दल तिला दटावल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात कोठेही नाही. असो.

मग वह्या देऊ नयेत काय? द्याव्यात. पण ज्या धर्मग्रामात निवृत्त अभियंते आहेत, वीजतंत्री आहेत, प्रयोगशाळेत काम केलेल्या भगिनी आहेत, बँकेतले हिशेबनीस आहेत, त्या धर्मग्रामाने केवळ वह्यांवर थांबावे, ही दातृत्वाची कंजुषी आहे. एक पाडा घ्यावा. दहा नको, एकच, पण दहा वर्षांसाठी. पंपाचे बिल, वॉशर, पावडर यांसाठी लहानसा कायम निधी त्या गावाच्या पाणी समितीच्या नावे ठेवावा. वर्गणी गावानेही द्यावी, कारण जिथे वर्गणी असते तिथे जाब विचारण्याची हिंमत येते. जव्हार-मोखाड्यातील काही पाड्यांवर सौर पंपांनी वीजबिलाचा तिढा सोडवला आहे. तो मार्ग पाहून यावा. शासनाच्या नियमाप्रमाणे पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. त्या पाच जणी कोण, त्यांच्याकडे तपासणीची पेटी आहे का, त्यातली रसायने मुदतबाह्य झालेली नाहीत ना, एवढे तीन प्रश्न जाऊन विचारले तरी निम्मी झोप उडेल. निर्णय मात्र गावाचा असू द्यावा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या गावच्या पाण्यावर बोलण्याचा अधिकार दिला आहे. बाहेरून आलेल्या कनवाळू माणसाने त्या सभेत मागच्या रांगेत बसावे.

आणि एक काम खाली, आपल्याच दारात करण्याचे आहे. महापालिकेच्या पाणीपट्टीचे बिल आपण दर वर्षी भरतो. धरणाच्या आणि जलवाहिनीच्या काठच्या प्रत्येक पाड्याला त्याच पाण्यातून बारमाही वाटा मिळावा, ही मागणी आपल्या सह्यांनिशी महापालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे, मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे गेली पाहिजे. ती मोखाड्याच्या बाईने केली तर तिला विकासविरोधी म्हणतात. वसईच्या ग्राहकाने केली तर दखल घ्यावी लागते. येत्या १ मे रोजी महाराष्ट्रदिनाच्या ग्रामसभा भरतील. बहुतेक पाड्यांच्या विहिरी त्या दिवसापर्यंत कोरड्या पडलेल्या असतील आणि शाळांना सुटी लागायच्या बेतात असेल. त्या सभेला ज्यांना जाता येईल, त्यांनी आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एप्रिलच्या दुसऱ्या रविवारपर्यंत नावे द्यावीत. पिण्याचे पाणी घरून न्यावे.